माकुल पावसात जाते कुठे, आणि परत येते ती तीच असते का?

खाडीकाठची
मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय. आमच्या रत्नागिरीच्या मिरकरवाडा जेट्टीवर एप्रिल-मेमध्ये माकुल (स्क्विड) येते ती चांगली मोठी असते. मग १ जूनला मासेमारीची पावसाळी बंदी लागते, बोटी किनाऱ्याला, दोन महिने काहीच कळायला मार्ग नाही. ऑगस्टमध्ये बोटी बाहेर पडल्या की सुरुवातीला येते ती बारीक, आणि गणपती होऊन नवरात्र लागलं की एकदम टोपल्याच्या टोपल्या. जेट्टीवर कुणालाही विचारा, उत्तर एकच, "पावसात खोल जाते, मग परत येते." आता खोल म्हणजे किती? आणि मेमध्ये गेली तीच ऑक्टोबरात परत येत असेल तर अजून मोठी होऊन यायला हवी ना, बारीक कशी येते? समुद्रफेसवाल्या कटलफिशबद्दल विचारत नाहीये, नळीसारखी असते, आत पातळ पारदर्शक काटा निघतो, ती. खाण्याच्या रेसिप्या नकोत (असतील तर शेवटी टाका), या प्राण्याचं वर्ष कसं जातं ते कुणाला माहीत असेल तर नीट सांगा.

तिखलं
शेवटी टाका म्हणालात म्हणून थांबतो. जागा धरून ठेवली आहे.

तांडेलाचा_नातू
ताई, खोल जाते हे खरंच आहे, उगाच बोललं जात नाही. मी देवगडचा, घरची ट्रॉलर (तळावरून जाळं ओढणारी बोट). पावसात वाघोटनच्या खाडीतून, देवगडच्या खाडीतून इतकं गोडं पाणी बाहेर पडतं की किनाऱ्याजवळचा समुद्र लाल-गढूळ होऊन जातो आणि माकुलीला गोडं पाणी अजिबात चालत नाही. म्हणूनच ती कधी खाडीत शिरलेली दिसणार नाही तुम्हाला, कोळंबी शिरेल, बोय शिरेल, माकुल नाही. बंदी उठल्यावर पहिल्या फेऱ्यांना आम्ही २५-३० वावात (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट खोली) ओढतो तेव्हा मिळते, मग पाणी निवळत जाईल तशी ती आत सरकते आणि दसऱ्याच्या सुमाराला १२-१५ वावात सुद्धा मिळायला लागते. आजोबा पाण्याचा रंग बघून सांगायचे, आज माकुल लागणार की नाही ते. त्यामुळे सरकते हे नक्की. तीच का दुसरी, ते मात्र शिकलेल्यांनी सांगावं.

आणि एक, ती दिवसा तळाला असते. रात्री वर येऊन विखुरते. म्हणून माकुलीसाठी ट्रॉल ओढायचा तर दिवसाउजेडी.

भरती_ओहोटी
सरकते हे मान्य. पण मेची मोठी आणि सप्टेंबरची बारीक हा प्रश्न तसाच राहतो. मोठी अजून बाहेर असेल आणि बारीक आधी आत येत असेल, एवढं साधं असू शकतं.

शिंपला
खाडीकाठची, प्रश्न अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे. मी मत्स्यविज्ञान शिकले आहे आणि प्रबंधासाठी हीच माकुल घेतली होती त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आपल्याकडे जी सर्वात जास्त येते ती भारतीय स्क्विड, शास्त्रीय नाव युरोट्यूथिस डुवॉसेली. तांबड्या समुद्रापासून थेट दक्षिण चीन समुद्रापर्यंत सापडते. (१८३५ मध्ये डोर्बिन्यीने तिचं वर्णन केलं. ज्या डुवॉसेलचं नाव तिला आहे त्याचंच आपल्या बारशिंग्यालाही आहे.) ही किनाऱ्यालगतची माकुल आहे, म्हणजे खंडाच्या उथळ मंचावर, किनाऱ्यापासून हळूहळू उतरत जाणाऱ्या समुद्रतळावर, राहणारी. अरबी समुद्रात फार बाहेर, हजारो मीटर पाण्यावर जी जांभळट पाठीची मोठी माकुल असते ती वेगळी, तिचा आणि आपल्या जेट्टीचा फारसा संबंध येत नाही.

आता मुद्दा. ही माकुल वर्षभरही जगत नाही. त्यामुळे मेमध्ये तुम्ही पाहिलेली मोठी माकुल ऑक्टोबरात असणं जवळजवळ शक्य नाही. ऑक्टोबरात येते ती तिची पोरं. खोल जाणं-येणं होतं, तांडेलाचा_नातू म्हणतात ते बरोबर आहे, पण गेलेल्यांपैकी मोठ्या बहुतेक अंडी घालून संपतात आणि वाढून आत येतात त्या नव्या.

हिशेब करून बघा. मेअखेर-जूनमध्ये अंडी घातली, दोन-तीन आठवड्यांत फुटली, बाहेर आलेलं पिल्लू दोन-तीन मिलिमीटरचं. ते आधी पाण्याबरोबर वाहत राहतं, तरंगते सूक्ष्म जीव खातं. त्यानंतर वाढ भयंकर वेगाने. दिवसाला सरासरी एक मिलिमीटर जरी धरलं तरी ऑगस्टच्या मध्याला ती पाच-सहा सेंटीमीटरची असणार (तुमची बारीक माकुल!) आणि नवरात्रात दहा-बारा सेंटीमीटरची. बंदीचे दोन महिने ती वाढत होती, कोणी पकडत नव्हतं, म्हणून टोपल्या भरतात.

खाडीकाठची
बाई गं! म्हणजे मी दरवर्षी वेगळ्याच माकुली बघते आहे. आणि "परत आली" म्हणत होतो आम्ही.

भरती_ओहोटी
थांबा थांबा. वर्षभर जगत नाही हे कुणी मोजलं आणि कसं? मी स्वतः फूटभर लांबीची नर माकुल पाहिली आहे. एवढी वाढ दहा-अकरा महिन्यांत? जुन्या सरकारी पुस्तिकेत दोन-तीन वर्षं आयुष्य असल्याचं वाचल्याचं आठवतं.

शिंपला
बरोबर वाचलंत. जुना अंदाज तसाच होता. पूर्वी दर महिन्याला बंदरावर माकुली मोजायच्या, कुठल्या लांबीच्या किती आल्या त्याचा आलेख काढायचा आणि आलेखातले उंचवटे महिन्यागणिक कसे पुढे सरकतात त्यावरून वय काढायचं, अशी पद्धत होती. माशाला ती बऱ्यापैकी लागू पडते. पण माकुल वर्षभर थोडी थोडी अंडी घालतच असते, दर महिन्याला नवीन पोरं येऊन मिळतात, त्यामुळे उंचवटे एकमेकांत मिसळतात आणि वाढ आहे त्याहून खूप सावकाश दिसते.

नंतर स्टॅटोलिथ वापरायला लागले. माकुलीच्या डोक्यात मेंदूच्या खाली तोल सांभाळायचे दोन कण असतात, चुन्याचे, जेमतेम एक-दीड मिलिमीटर. तो काढून, घासून पातळ करून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला की वलयं दिसतात, आणि ही वलयं रोज एक पडतात. रोज एकच पडते कशावरून? ऑस्ट्रेलियात जॉर्ज जॅक्सनने जिवंत माकुलींना टेट्रासायक्लिन हे औषध दिलं, ते त्या दिवशीच्या थरात बसतं आणि अतिनील प्रकाशात चमकतं. मग काही दिवसांनी त्या चमकत्या रेषेच्या बाहेर किती वलयं वाढली ते मोजलं. जितके दिवस तितकी वलयं. त्यातून उष्ण कटिबंधातल्या किनारी माकुलींची वयं निघाली ती महिन्यांत, वर्षांत नाहीच. चांगली वाढलेली माकुल सुद्धा २०० दिवसांच्या आतबाहेर.

फूटभर नराबद्दल, नर मादीपेक्षा बरेच लांब होतात. सगळ्या फूटभर नसतात, जे होतात ते बहुतेक नरच.

एक स्टॅटोलिथ घासायला अर्धा दिवस जातो आणि शेवटच्या दोन फेऱ्यांत तुटतो. ज्यांनी शेकडो घासलेत त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे.

भरती_ओहोटी
टेट्रासायक्लिनचा प्रयोग पटला. हे असं सांगितलं की वाद राहत नाही.

गरीवाला
मी हौशी गरवणारा, मालवण-तारकर्ली बाजूला. रात्री धक्क्यावर दिवा असेल तर दिव्याच्या थेट खाली माकुल येत नाही, उजेड-काळोखाची जिथे सीमा असते तिथे काळोखात, उजेडाकडे तोंड करून उभी राहते आणि उजेडात आलेल्या बारीक माशावर झेप घेते. त्यामुळे जिग (माकुलीसाठीचा खोट्या आमिषाचा गळ) टाकायचा तो त्या कडेवर, पाण्यात थोडा जाऊ द्यायचा, दोन झटके, मग थांबायचं. ती धरते ती थांबल्यावरच. अमावास्येच्या बाजूला चांगली मिळते, पौर्णिमेला सगळीकडेच उजेड असतो त्यामुळे आपल्या दिव्याला कोण विचारतो.

आणि वर काढताना तोंड दुसरीकडे करा. शाई कपड्यावरून जात नाही.

तिखलं
शाईवरून आठवलं, ती भातात घालतात काही देशांत, काळा भात होतो. (अजून शेवट आला नाही ना? बरं.)

प्रॉव्हिडन्सकर
धागा बघून राहवलं नाही. मी मूळचा अलिबागचा, सध्या अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये. इथे माकुलीचं वेड आहे, तळलेली माकुल हा या राज्याचा अधिकृत पदार्थच आहे! एप्रिलअखेर-मे लागला की न्यूपोर्टच्या धक्क्यांवर रात्री रांगाच्या रांगा, हातात दिवे, बादल्या, कंबोडियन, पोर्तुगीज, इटालियन, चिनी, सगळे. गरीवाला यांनी लिहिलं ती कडेची गोष्ट इथले आजोबा लोकही अशीच सांगतात.

इथली जात वेगळी, लांब पंखांची. पण तिचं जाणं-येणं फार ठळक आहे कारण इथे ऋतूच ठळक आहेत. हिवाळ्यात किनाऱ्याचं पाणी इतकं गार होतं की ती तिथे टिकत नाही, खंडमंचाच्या बाहेरच्या कडेला, शंभर-दोनशे मीटर खोलीवर, जिथे पाणी त्यातल्या त्यात उबदार असतं तिथे राहते. वसंतात किनारा तापला की आत येते, अंडी घालते. आयुष्य तेवढंच, वर्षाच्या आत. उन्हाळ्यात जन्मलेल्या हिवाळा बाहेर काढतात आणि वसंतात येतात, हिवाळ्यात जन्मलेल्या पुढच्या उन्हाळ्यात. म्हणजे दोन पिढ्या एकमेकींच्या पाठीला पाठ लावून चालतात. म्हणून सरकार पकडीचा कोटासुद्धा वर्षाचा एकदम देत नाही, चार-चार महिन्यांचे तीन भाग करून देतं. एका पिढीचा फडशा पडला तर पुढच्या वर्षी भरून काढायला म्हातारी माकुल शिल्लकच नसते ना.

आपल्याकडे तापमानापेक्षा गोडं पाणी आणि पाऊस हे कारण मोठं असावं असं तांडेलदादांचं वाचून वाटलं.

शिंपला
प्रॉव्हिडन्सकर, फार छान लिहिलंत. तुमच्या जवळच वूड्स होल हे सागरी संशोधनाचं केंद्र आहे ना, तिथे उन्हाळ्यात शास्त्रज्ञ गोळा व्हायचे त्याचं एक कारण हीच माकुल. तिच्या अंगात एक मज्जातंतू इतका जाड असतो की त्यात तार घालता येते, म्हणून मज्जातंतूतून विजेचा संदेश कसा जातो ते माकुलीवर समजलं. हॉजकिन आणि हक्सले यांनी इंग्लंडात प्लिमथला तिथल्या माकुलीवर काम केलं आणि १९६३ चं नोबेल मिळालं. माकुलीचा हंगाम आला तरच प्रयोग, नाही तर थांबा!

आपल्याकडच्या कारणांबद्दल, गोडं पाणी हे एक. दुसरं म्हणजे प्राणवायू. मान्सूनमध्ये केरळ-कर्नाटक-गोव्याच्या किनाऱ्याला खालचं गार पाणी वर येतं. त्यात खत भरपूर पण प्राणवायू फार कमी. पावसाळ्याच्या शेवटी, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, मंचावरच्या तळाच्या पाण्यात प्राणवायू जवळपास संपतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली हे जगासमोर मांडलं. माकुलीचं रक्त निळं असतं, तांब्याचं, ते आपल्या लाल रक्ताइतका प्राणवायू वाहून नेत नाही आणि पोहणं तर झटक्यांनी, पाणी फेकत, म्हणजे खर्च प्रचंड. तीन हृदयं असूनही तिला प्राणवायूचा दुष्काळ झेपत नाही. असं पाणी तळाला पसरलं की ती उठते, कडेला होते, कधी किनाऱ्याकडे दाटते. हे खालून वर येणं दक्षिणेला जोरात, उत्तरेकडे कमी कमी होत जातं, आणि मुंबई-गुजरातच्या बाजूला हिवाळ्यात पाणी गार होऊन ढवळलं जाण्याचं महत्त्व जास्त. त्यामुळे वेंगुर्ल्याचा हंगाम आणि सातपाटीचा हंगाम तंतोतंत जुळावा अशी अपेक्षाच करू नका.

गोंयकार_पुण्यात
गोव्यात आम्ही माणक्यो म्हणतो, आणि भरलेली माणकी हा विषय मी शेवटी तिखलं यांच्यासोबत मांडेन. पण वरच्या पोस्टबद्दल, सप्टेंबर-ऑक्टोबरात आमच्याकडे कधी कधी एकाच दिवशी किनाऱ्याजवळ खूप माणक्यो मिळतात आणि पुढचे आठ दिवस एकही नाही. लहानपणापासून याचं कारण कुणी सांगितलं नव्हतं. आज पहिल्यांदा एक पटण्यासारखं कारण वाचलं.

ससून_डॉकवाली
मी रोज पहाटे ससून डॉकला असते, धंदा आईचा, आता माझा. शिंपलाताई, एक विचारू? साफ करताना बऱ्याच माकुलींत पुढच्या बाजूला दोन पांढऱ्या, जाड, गुळगुळीत गोळ्या निघतात. गिऱ्हाईक म्हणतं अंडी आहेत, ठेव. ती अंडी असतात का? आणि वर्षभर निघतात, म्हणजे अगदी जानेवारीतही निघतात, पण सगळ्या लॉटमध्ये नाही.

शिंपला
मावशी, किती बारीक बघता तुम्ही. त्या अंडी नाहीत. त्या ग्रंथी आहेत, जोडीने असतात, फक्त मादीत, आणि मादी तयार झाली की फुगतात. अंड्यांभोवतीचा जेलीचा थर त्यातून निघतो. खरी अंडी त्यांच्या मागे, टोकाकडे, पिवळसर दाणेदार पिशवीत असतात. पांढऱ्या गोळ्या मोठ्या निघाल्या म्हणजे ती मादी आता अंडी घालणार होती.

नर ओळखायचा तर डाव्या बाजूचा चौथा हात बघा, खालचा. टोकाकडे चोषकांच्या (धरून ठेवणाऱ्या बारीक वाट्यांच्या) जागी बारीक झालर दिसेल. त्या हाताने तो मादीला वीर्याच्या पुड्या देतो.

आणि तुमचं "वर्षभर निघतात, पण सगळ्या लॉटमध्ये नाही" हे वाक्य म्हणजे आमच्या प्रबंधातलं अर्ध प्रकरण आहे. तयार माद्या वर्षभर मिळतात, पण ठिकाणाप्रमाणे वर्षातून एक-दोन वेळा जोर असतो. म्हणून माकुल कधीच पूर्ण गायब होत नाही.

खाडीकाठची
मी आत्ता बाजारातून आणलेल्या उघडून बसले आहे! सहा होत्या, चार माद्या निघाल्या, दोघींत पांढऱ्या गोळ्या मोठ्या, एकीत अगदी दोऱ्याएवढ्या, एकीत मध्यम. आणि नराच्या हाताची झालर भिंगाने दिसली, मुलगा ओरडलाच. म्हणजे एकाच पाट्यात तीन वयाच्या माद्या.

मग ही अंडी घालते कुठे? माशासारखी पाण्यात सोडते का?

तांडेलाचा_नातू
हे मी सांगतो. पाण्यात सोडत नाही, चिकटवते. पांढुरक्या जेलीच्या नळ्या, बोटाएवढ्या लांब, एकाच जागी कित्येक जणी आणून लावतात, झुबकेच्या झुबके. खडकाला, शिंपल्याला, हरवलेल्या दोरीला, जे मिळेल त्याला. एकदा आमच्या एका नांगराचा दोर तळाला महिनाभर राहिला होता, वर काढला तर शेवटचे दोन वाव नुसते झुबके. एक नळी उजेडात धरली तर आत एकेक पिल्लू, दोन काळे डोळे आणि अंगावर लाल-तपकिरी ठिपके, आणि ठिपके मिटत-उघडत होते. जन्मायच्या आधीच रंग बदलत होती. वडिलांनी दोर परत सोडायला लावला, म्हणाले दोर दुसरा मिळेल.

ट्रॉलमध्येही येतात हे झुबके, ते मात्र परत टाकून उपयोग नसतो, चेंदामेंदा झालेला असतो.

शिंपला
अंगावर काटा आला वाचून. तेच ते ठिपके, त्वचेतल्या रंगपेशी, पिल्लू अंड्यात असतानाच काम करायला लागतात.

कटलफिश मात्र एकेक सुटं अंडं चिकटवते, नळी नाही. यावरून एक मोठं भांडण आहे ते सांगते. कर्नाटक आणि उत्तर केरळच्या किनाऱ्याला काही जण नारळाच्या झावळ्या, पोयी बांधून, वाळूच्या गोण्या लावून समुद्रात बुडवतात. अंडी घालायला जागा शोधणाऱ्या कटलफिशच्या मोठ्या माद्या तिथे जमतात, मग त्यांना गळाने वेचून काढतात. पकड मोठी, भाव मोठा. पण पकडली जाते ती नेमकी अंडी घालायला आलेली आई. ट्रॉलरवाल्यांची जाळी त्यात अडकतात ते वेगळंच.

भरती_ओहोटी
मग ट्रॉलर अंडी चेंगरतो आणि झावळीवाला आई नेतो. दोघं एकमेकांना दोष देतात.

आता उलट बाजू मांडतो. २०१६ मध्ये एक अभ्यास आला होता, जगभरातल्या गेल्या साठ वर्षांच्या नोंदी घेऊन, माकुली-ऑक्टोपस-कटलफिश यांची संख्या वाढतेच आहे असा. लवकर वाढतात, लवकर मरतात, मोठे मासे आपण मारून ठेवलेत, समुद्र तापतोय. मग माकुलीची एवढी काळजी कशाला?

शिंपला
अभ्यास खरा आहे. पण वर्षभरही न जगणाऱ्या प्राण्याची संख्या जितकी पटकन वाढते तितकी पटकन पडते. कॅलिफोर्नियाची माकुल बघा, १९९७-९८ च्या एल निन्योत (प्रशांत महासागराचं पाणी तापतं तेव्हा) पकड जवळजवळ शून्यावर आली, दोन वर्षांत परत वर. वाढली ती समुद्र सुधारला म्हणून. समुद्र सुधारला पण तळावर अंडीच उरली नसतील तर वाढणार कुठून? आणि सुरमई, कुपा, बळा, मोरी, डॉल्फिन, सगळे माकुल खातात. ती स्वतः जवळा, कोळंबी, बारीक मासे खाते, आणि वेळ पडली तर आपल्याच जातीची लहान माकुलही.

तांडेलाचा_नातू
सुरमईच्या पोटात माकुलीची चोच निघते नेहमी. पोपटाच्या चोचीसारखी, ती पचत नाही.

आणि काळजी आहेच. २०१७ पासून एलईडी लावून मासेमारीला बंदी आहे, तरी रात्री बाहेर बघाल तर समुद्रात शहर वसल्यासारखं दिसतं. आमच्यासारखा दिवसा ओढून येतो तोवर रात्री कुणीतरी दिव्याखाली सगळं गोळा करून गेलेलं असतं, बारीक-मोठं सगळं. तक्रार करून झाली.

प्रॉव्हिडन्सकर
दक्षिण आफ्रिकेत एक चांगली पद्धत आहे. तिथली माकुल आग्नेय किनाऱ्याच्या उपसागरांत उथळ पाण्यात अंडी घालायला जमते, तिथे ऑक्टोबर-नोव्हेंबरात अंडी घालण्याचा जोर असतो तेव्हा पाचेक आठवडे तिची मासेमारी बंद ठेवतात. आणि पकडतात ती गळानेच, तळ खरवडत नाहीत. आपली जून-जुलैची बंदी माकुलीसाठी ठरवलेली नाही, पण तिला फायदा होतो असं शिंपलांच्या हिशेबावरून दिसतं.

शिंपला
होतो, वाढायला मोकळीक मिळते. पण बंदी उठल्याबरोबर ऑगस्टमध्ये पाच-सहा सेंटीमीटरची बारीक माकुल टनाने येते त्याचं काय? केरळने या माकुलीला ८ सेंटीमीटरची किमान मर्यादा ठरवली आहे, त्याखालची पकडायची नाही. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार ठरवला. माझं मत स्पष्ट आहे, ऑगस्टमधली बारीक माकुल आणखी महिना-दीड महिना पाण्यात राहिली तर तिचं वजन कितीतरी पटींनी वाढतं आणि ती निदान एकदा अंडी घालते. मच्छीमाराचाच फायदा आहे यात.

ससून_डॉकवाली
बारीक माकुलीला भाव काय मिळतो ते मी सांगते, मोठीच्या निम्माही नाही. बरीच तर कुट्टीत जाते, कोंबड्यांच्या खाद्याला. मोठीच तेवढी बर्फात नीट लावून एक्सपोर्टवाले उचलतात, स्पेन-इटलीला. बारीक आणून कुणाचं भलं होत नाही, डिझेल तेवढंच जळतं.

गरीवाला
शंका, मग तांडेलदादा, तुम्ही जाळ्याची आस (जाळ्याचं भोक) मोठी का ठेवत नाही?

तांडेलाचा_नातू
शंका रास्त आहे. खोळीला, म्हणजे जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला, ४० मिलिमीटरची चौकोनी आस लावली तर बारीक माकुल बरीचशी निसटते, पण कोळंबीही निसटते आणि ट्रॉलरचं पोट कोळंबीवर आहे. एकट्याने लावली तर एकट्याचंच नुकसान, सगळ्यांनी लावली तरच जमेल. आमच्या सोसायटीच्या बैठकीत हा विषय मी काढणार आहे, ऑगस्टपुरतं तरी. ससूनडॉकवाल्या मावशींचा भावाचा मुद्दा तिथे सांगेन, तो लोकांना पटतो.

मीठमसाला
मधेच विचारतो, फ्रीजरमधली पांढरी स्वच्छ माकुल वर्षभर मिळते ती हीच का?

ससून_डॉकवाली
हीच बहुतेक. ताजी अशी पांढरी नसते, ताजीवर तांबूस-तपकिरी ठिपके असतात आणि बोट फिरवलं की रंग हलतो. गुलाबी पडली, वास आला की घेऊ नका.

खाडीकाठची
सगळ्यांचं वाचून मी माझ्यापुरतं उत्तर असं मांडते, चुकलं तर सांगा. पावसात किनाऱ्याचं पाणी गोडं होतं म्हणून माकुल बाहेर सरकते. मेमधल्या मोठ्या अंडी घालून संपतात. अंडी तळाला चिकटलेली, पिल्लं जून-जुलैत वाढतात, ऑगस्टमध्ये बारीक दिसतात, नवरात्रात भरतात. त्यातल्या तयार माद्या लगेच अंडी घालायला लागतात, त्यांची पोरं पुन्हा मार्च-एप्रिल-मेची मोठी माकुल. म्हणजे एका वर्षात दोन पिढ्या. बरोबर?

शिंपला
बरोबर, एवढंच जोडा की दोन पिढ्यांच्या मध्ये सुद्धा थोड्या थोड्या जन्मत असतात, त्यामुळे सीमारेषा धूसर. तुमच्या एका पाट्यात तीन वेगवेगळ्या तयारीच्या माद्या निघाल्या त्या त्यामुळेच.

एक विनंती. ससूनडॉकवाल्या मावशी, खाडीकाठची, गोंयकार, जमेल तसं महिन्यातून एकदा वीस-पंचवीस माकुलींची डोकं सोडून फक्त नळीची लांबी पट्टीने मोजून आणि मादीत पांढऱ्या गोळ्या आहेत का ते बघून इथे टाकाल का? तीन बंदरांचं एक वर्ष झालं तरी गोवा-रत्नागिरी-मुंबई यात किती फरक पडतो ते आपल्यालाच दिसेल.

ससून_डॉकवाली
टाकते. पहाटे पाचला मोजेन, गिऱ्हाईक यायच्या आधी. मुलीकडून लिहून घेईन.

गोंयकार_पुण्यात
मी पुण्यात असतो पण भाऊ म्हापशाला बाजारात रोज जातो. त्याला पट्टी घेऊन देतो.

तांडेलाचा_नातू
मी बोटीवरून टाकीन, किती वावात ओढली तेही लिहीन. खोली कळली नाही तर नुसत्या लांबीचा उपयोग अर्धा. आणि झुबके ज्या पट्ट्यात जास्त लागतात तो जिजाईच्या खडकाजवळचा भाग आम्ही चार बोटवाल्यांनी यंदा ओढायचा नाही असं ठरवलंय.

तिखलं
आता टाकू? साफ केलेल्या माकुलीच्या चकत्या, आलं-लसूण, तिरफळं, ओलं खोबरं, कोकम. आच मोठी, दोन मिनिटं, खाली उतरवा. जास्त शिजवली की रबर. ८ सेंटीमीटरच्या वरचीच घ्या.